म्हैसमाळचं केळवण

सोनिया,

दूध तापवून ठेवलंय. माझी चावी खालच्या मनकर्णाबाईंकडं दिलीय.

तुझी रहस्यकथा उशीपाशी आहे. लग्न ठरलं म्हणून मैत्रिणी सहलीला जातात अन् नवरीची अंगठी हरवते, तीच. तू अर्ध्यात सोडलीस, मी संपवली. लई हसले. अंगठी जिवलग मैत्रिणीनंच घेतलेली असते. निघताना सगळ्या 'येते' म्हणतात, ही एकटीच 'जाते' म्हणते, तिथं सापडते. सांगून टाकलं, आता बस चिडत.

तुझ्या काकूंचा वैजापूरहून फोन आला होता. तू तर त्यांच्याकडंच जाते म्हणून निघालीस, त्यामुळं मी दचकलेच. म्हणल्या, "म्हैसमाळला तुम्हा पोरींचं केळवण नीट झालं का गं? सोनियाचा फोन लागत नाय." मी म्हणलं, "व्हय काकू, लई मजा आली. मीच ओवाळलं तिला." तूही तसंच सांग, नायतर त्यांना वाईट वाटंल.

माझं लग्न मोडलेलं, असला हात ओवाळायला नको, असंच वाटलं ना तुला? तोंडावर म्हणली असतीस तर मी आपणहून घरी थांबले असते. तुमचा डबासुद्धा भरून दिला असता.

केळवणासाठी घेतलेली हिरवी साडी कपाटात आहे. तू संगं नेलेल्या मोनिकानं दिली असं समज अन् नेस. हिरवा रंग तुला शोभतो.

गॅस बंद केलाय.

जाते.

सत्यशीला