यादीत नसलेला पिच्चर

अहमदाबाद, रविवार, १९५६

पिच्चरच्या नादानं मी घर सोडून इथं गिरणीत लागलो. काल आबा मला गिरणीतून सोडवून पाचोऱ्याला घरी न्यायला आले. पेपरवाल्यांनी पहिल्या नंबरावर ठेवलेला पिच्चर त्यांना दाखवला. आबा घोरले. अगदी घोरले! उठून म्हणाले, "बठ्ठा लोक नुसता रडतस. यानासाठे घर सोडं का तू?"

पेपरवाल्यांचं मी का ऐकलं?

आज त्यांच्या यादीत नसलेला, मारामारीचा दाखवला. दरोडेखोर घोड्यावरून पडला आणि आबा उभेच राहिले. आमच्या पाचोऱ्याच्या तंबूत ओरडलं की रीळ परत लावतात. इथंही ओरडले, "परत दखाड रे भो!" सगळं थेटर हसलं. हसू दे. घोरले नाहीत ना? मग पहिला नंबर याचाच, पेपरात काही छापोत.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "गाडीनं एकच तिकीट काढ, परवानं. उद्या हाऊच पिच्चर दखूत."