चकतीला नऊ थेंब

सोमवार, ५ जानेवारी
आले: माउंटन बाइक एक, वापरलेली, ४,५०० (सांगत होता ६,०००). कुलूप एक, १२०. आरसा एक, फुकट, मागून घेतला. ब्रेक आहेत म्हणायचे, पण पार झिजलेले. ते नवे घ्यावे लागणार.
मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली आले होते, ते असं कामी येतं. लेक टेकडीवरच्या दवाखान्यात नर्स आहे. दवाखान्याने तिला तिथेच राहायला क्वार्टर देऊ केलंय. मी म्हटलं, त्यापेक्षा सायकल घे, सकाळी चढ, संध्याकाळी उतर, घरचं जेव. कशीबशी हो म्हणाली. लेक घरातच राहणार. देवा, तुझे उपकार.

बुधवार, ७ जानेवारी
सायकलवाल्यांच्या दुकानात दीड तास. डिस्क ब्रेक दोन प्रकारचे. मेकॅनिकल म्हणजे वायर ओढली की चाकावरची चकती चिमट्यात धरली जाते. १,४००. हायड्रॉलिकमध्ये वायरऐवजी नळीत तेल, एका बोटाने दाबलं तरी लागतो. ३,९००. लेकीला हायड्रॉलिकच हवे. शाळेत असताना तिचं उजवं मनगट मोडलं होतं, चार किलोमीटर उतारावर मूठ आवळून हात भरून येतो म्हणे. सायकलवालेही तिच्याच बाजूने. साहजिक आहे, त्यांना २,५०० जास्त मिळतात.
मी शांतपणे विचारलं, तेल गळलं तर? म्हणाले, सहसा गळत नाही. सहसा! ज्या ब्रेकमध्ये तेल आहे त्याच्या भरवशावर मी पोटची पोर सोडणार नाही. मेकॅनिकल घेतले. निघताना त्यांनी बजावलं, चकतीला हात लावू नका, काही लावून पुसू नका. दुकानदार असंच घाबरवून ठेवतात, म्हणजे दर वेळी त्यांच्याकडे जावं.
वाटेत लेक एकदाच बोलली. पगार माझाच होता ना, म्हणाली. मी म्हटलं, म्हणूनच जपून खर्च करते.

रविवार, ११ जानेवारी
संकल्प केले. आता सायकलीत अजिबात लक्ष घालायचं नाही. आणि गुरुवारचं मौन काटेकोर पाळायचं. गेल्या गुरुवारी भाजीवालीपाशी मोडलं, पण तिने वजनात मारलं होतं.

बुधवार, १४ जानेवारी, संध्या. ७.४०
ब्रेक किंचाळतात. मी सातला प्रार्थनेला बसते आणि नेमकी तेव्हाच ही फाटकातून शिरते. मिटलेले डोळे उघडतात. लेक म्हणते, नवे आहेत, आठवडाभरात बसतील. हे म्हणाले, देवाची काही तक्रार नाही, तुझीच आहे. रिटायर झाल्यापासून ह्यांना विनोद सुचतात.

शनिवार, १७ जानेवारी
उपाय सापडला, आणि घरातच होता. माझं शिलाई मशीन असंच कुरकुरायचं. बावीस वर्षं मीच त्याला तेल घालते, कारागिराला उंबरा ओलांडू दिलेला नाही. त्याच बाटलीतले पुढच्या चकतीला पाच थेंब, मागच्या चकतीला चार. चाक फिरवत जुन्या परकराच्या चिंधीने सगळीकडे सारखं पसरवलं. आवाज गायब. खर्च काही नाही.
लेकीला सांगितलं नाही. केलेलं बोलून दाखवू नये. संकल्पही मोडला नाही. हे लक्ष घालणं नव्हे, ही सेवा.

सोमवार, १९ जानेवारी, संध्या. ७.४५
काय शांतता! लेक सकाळी घाईत निघाली, आवाज नाही. आत्ता सातला बसले, पाऊण तास झाला, एकदाही किंचाळी नाही. पंधरा दिवसांत असं मन लागलं नव्हतं. अजून थोडा वेळ बसावं म्हणते.

८.१०
दवाखान्यातून फोन.

मंगळवार, २० जानेवारी
उतारावर दुसऱ्या वळणाला ब्रेक लागलेच नाहीत. लेक रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण इंजेक्शन देण्याइतका हात परत येईल की नाही ते वर्षाने सांगू. डोकं वाचलं, माझी प्रार्थना चालू होती ना.
हे बाकावर बसून एकच घोकत होते, नवे ब्रेक लागले कसे नाहीत. मी म्हटलं, ज्याने विकले त्याला विचारा.

गुरुवार, २२ जानेवारी. मौन
हे दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर सायकलवाल्यांना चोर म्हणाले. जाण्याआधी ह्यांना थांबवून काही सांगावं असं मनात आलं होतं, पण गुरुवार. सायकलवाल्यांनी १,४०० परत दिले आणि सायकल तपासायला ठेवून घेतली. जमेला धरले. मौनाचं फळ मिळतं.

रविवार, २५ जानेवारी
लेकीला घरी आणलं. मी भरवते. लहानपणी उघडायची तसं तोंड उघडते. क्वार्टरचा विषय संपला. देवाच्या मनात काय असतं ते आपल्याला उशिरा कळतं.
सायकलवाल्यांकडे म्हणे आता कुणी फिरकत नाही. वाईट वाटलं. खरं काय ते सांगून टाकावं. शुक्रवारी सांगते.

गुरुवार, २९ जानेवारी. मौन
सायकलवाले घरी आले. हातात कागदात गुंडाळलेली चकती. मी पाणी दिलं. त्यांनी चकती आधी ह्यांच्या नाकाशी धरली, मग माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, घरात शिलाई मशीन आहे का?"
मी मान हलवली. नाही, अशी. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे, आणि न बोललेलं खोटं कसं होईल?
ह्यांनी उठून मशीनवरची चादर काढली.
लेक दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, आज नको बोलूस. उद्याही नको."

शुक्रवार, ३० जानेवारी
हे तिला क्वार्टरवर सोडून आले. डाव्या हाताने जमेल तेवढं रजिस्टरचं काम देणार आहेत. येताना सायकलवाल्यांना १,४०० परत देऊन हात जोडून आले. खर्ची टाकले.
आज मौन नव्हतं. सगळं सांगायला तयार होते. विचारलं कुणीच नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी
लेक फोन उचलत नाही. आज पत्र आलं. अक्षर तिचं नाही, कुणाकडून तरी लिहून घेतलंय. तीन ओळी. कपडे पाठवावेत, सायकल विकून टाकावी, कुणी भेटायला येऊ नये. रागात आहे, निवळेल. उत्तराचं कच्चं इथेच लिहून बघते:

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद. कपडे पाठवले, सहा जोड, मोजून घे. सायकल विकली नाही. हायड्रॉलिकचे ३,९०० आजच दुकानात भरून आले, तू म्हणाली होतीस तेच. मूठ वळायची गरज नाही, एका बोटाने लागतात, मी स्वतः दाबून पाहिलं. सायकलवाले माझ्याशी बोलले नाहीत, पण पावती दिली. ब्रेकची दांडी कोणत्या बाजूला कशी बसवायची, एवढंच त्यांनी चिठ्ठीवर लिहून विचारलंय. तेव्हा तुझं कुठलं बोट हलतं, ते उलट टपाली कळव.