सवतीने शिकवलेला शब्द

रत्नागिरी, ता. २० जानेवारी १९३२

ती. मालिनीताई यांस, वासंतीचा कृ. सा. न. वि. वि.

नाव वाचूनच मी कोण ते कळलं असेल. तुम्हांला देवरूखला माहेरी पाठवल्यावर यांनी माझ्याशी लग्न केलं. पत्ता शेजारच्या मथुराकाकूंनी दिला. त्यांच्यावर रागावू नका.

माघी गणपतीला यांच्या शाळेतले मास्तर जेवायला येणार आहेत. त्यांच्यासमोर हे मला 'हसबंड' हा इंग्रजी शब्द विचारणार आहेत. मधे रेघ देऊन तो फोडायचा आणि अर्थ सांगायचा. काकू म्हणाल्या, तुम्हांलाही हाच विचारला होता, आणि आला नाही म्हणून तुम्हांला टाकलं. माझे वडील वारले, भाऊ नाही. मला टाकलं तर मी कुठं जाऊ? उत्तर लिहून पाठवाल का?

तुमची म्हणवून घ्यायला भिणारी,
वासंती

देवरूख, ता. २७ जानेवारी १९३२

चि. सौ. वासंतीस अ. आ.

आशीर्वाद हात आखडूनच लिहिला आहे. तुझं वाटोळं व्हावं म्हणून मी सात वर्षं देवीला गाऱ्हाणी घातली, आणि तू माझ्याच दारी आलीस.

मला तो शब्द येत होता गं. पण हातात तुपाची वाटी, समोर परके पुरुष. भर पंगतीत 'नवरा' कसं म्हणायचं? जीभच उचलेना. स्वारी हसली, मित्र हसले, आणि आठवड्याच्या आत मला इथं आणून सोडलं. त्या हसण्याचा सूड मला हवा आहे. तुझ्यावर उगवणार होते, आता तुझ्या हातून उगवीन.

हस, मग रेघ, मग बंड. अर्थ: बायकोला सांभाळीन असं वचन देऊन तिच्याशी लग्न केलेला पुरुष. मोठ्यानं सांग. लाजेपायी माझा संसार गेला, तू लाजू नकोस. आणि कुणी शिकवलं तेही सांग.

लोभ असावा असं लिहायचा रिवाज आहे. सवतीकडे तो कुठल्या तोंडानं मागू? उलट टपाली कळव म्हणजे झालं.

मालिनी

रत्नागिरी, ता. १२ फेब्रुवारी १९३२

ती. ताईंस, वासंतीचा कृ. सा. न. वि. वि.

मी मोदक वाढत होते, तेव्हा यांनी थांबवलं. मी ताट खाली ठेवलं, शब्द फोडला, अर्थ सांगितला. सगळे शाबास म्हणाले. मिशीवरून हात फिरवत हे म्हणाले की ही सगळी माझी शिकवणी. तेव्हा मी म्हटलं, "थोरल्या बाईंनी शिकवलं. त्यांना तेव्हाही येत होतं. त्यांनी चारचौघांत मर्यादा पाळली आणि तुम्ही त्यांना टाकलंत."

आत्मारामपंत पानावरून उठले; तुमच्या वेळी तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले होते, असं काकू म्हणतात. बातमी खाडीपलीकडे भाट्यापर्यंत पोचली आहे. बाजारात लोक यांना थांबवून शब्दाचा अर्थ विचारतात. मला फार बरं वाटतं, ताई. वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही.

त्याच दिवशी हे म्हणाले, तुलाही घालवून देतो. मी म्हटलं, द्या, देवरूखला ताईंकडे जाते. दोघी बायका एका घरात सुखानं राहतायत आणि हे इथं एकटे, असं गाव बोलेल म्हणून की काय, तेव्हापासून पुन्हा तो विषय काढला नाही.

हाकलतील या भीतीनं मी तुम्हांला पहिलं पत्र लिहिलं होतं. आता कधी एकदा हाकलतात असं झालंय.

माया धरली आहे तशीच राहू द्यावी.

तुमची धाकटी,
वासंती