काळीची फुलं, पांढरीची द्राक्षं

१४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू शिवून पाठवलेला कामाचा डगला पोचला. त्याला आठ खिसे आहेत, आणि माझी कात्री दर वेळी नवव्यात जाऊन बसते.

वाईट बातमी आधी सांगून टाकते. यंदाही फुलोरा गळला. समुद्राकडच्या उतारावर द्राक्षाचे तीनशे वेल असे फुलले होते की बाबासुद्धा बघायला आले. पंधरवड्यात सगळं जमिनीवर. गेल्या वर्षी मी खाऱ्या वाऱ्याच्या नावाने बोटं मोडली, पण यंदा वारा नव्हताच. होडी दुरुस्त करणाऱ्या काकांच्या भिंतीवर सापडलेल्या त्या एका वेलाच्या फांद्या लावत लावत मी इथवर आले. आजोबांची वाइनची पांढरी आता उरली आहे ती त्या भिंतीवर, माझ्याकडे आणि तुझ्या गॅलरीत. बाबांनी सांगितलंय, पुढच्या उन्हाळ्यात घड दिसले नाहीत तर उतार बोटी ठेवायच्या शेडला द्यायचा. ते रागावून बोलले असते तर मी भांडले तरी असते.

तुझ्या पांढरीला तर दर वर्षी घड लागतात. तू तिला घालतेस तरी काय? सगळं सविस्तर लिही.

पत्र कुणाला, असं बाबांनी विचारलं. तुला, म्हटल्यावर ते ‘बरं’ म्हणाले. बावीस वर्षांच्या अबोल्यात ही मोठीच प्रगती आहे.

आहे तो लोभ वाढता ठेव.
तुझी भिंगरी

२० जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

डगल्याला आठच खिसे आहेत. नववा म्हणजे तू फाडलेलं अस्तर. टाका घालून घे.

वेलाला मी खास काही घालत नाही. चहाचा चोथा घालते, पाणी बेताने देते. डोळे दुखतात म्हणून आटोपतं घेते.

तब्येतीला जप.
आत्या

२ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अर्ध्या पानाचं आलं म्हणून मी घाबरले. शेजारणीने दळण उशिरा आणलं तरी तू चार पानं लिहितेस. बरी आहेस ना?

रोपवाटिकेतल्या बाई भिंग घेऊन आल्या होत्या. मागे राहिलेली दोन-चार फुलं बघून त्यांनी निकाल दिला, की पांढरीचं फूल निव्वळ मादी. शेजारी दुसऱ्या जातीचा वेल त्याच आठवड्यात फुलला तरच मणी धरणार. आणि पांढरी इतकी लवकर फुलते की तिच्या जोडीला बसेल अशी जात त्यांच्याकडे नाही. बाबा म्हणाले, आजोबा दर पाच ओळींनंतर काळ्या द्राक्षाची एक ओळ ठेवायचे, पाखरांसाठी. पांढरीबरोबर तीही टोमॅटोसाठी बाबांनीच उपटली. आता काळी कुठेच नाही.

जाता जाता बाईंनी विचारलं, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आत्याच्या एकट्या वेलाला घड लागतात कसे? त्याचं उत्तर तुला देता येईल का?

रागावू नकोस, लोभ असू दे.
भिंगरी

८ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

डोळे ठणठणीत आहेत. दुखत होतं ते दुसरंच.

तुझ्या बापाने बाग उपटायला घेतली त्या दिवशी मी त्याला नाही नाही ते बोलले. कात्री घेऊन बागेत गेले, पांढरीची एक फांदी कापली आणि या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही असं सांगून बस धरली. हिवाळा होता, वेलांवर एक पान नव्हतं, डोळ्यांत पाणी होतं. जन्मभर लग्नाचे कपडे बेतले, एक कापड कधी चुकीचं कापलं नाही. नेमकी फांदी चुकीची कापली. तिसऱ्या वर्षी घड आले ते काळे कुळकुळीत.

तोवर मी सगळ्या नात्यात ऐकवून ठेवलं होतं, की वडिलांची पांढरी मी वाचवली. आता कुठल्या तोंडाने सांगणार? पाहुणे यायचे त्या दिवसांत घड पिकायच्या आत उतरवून टाकत होते. बावीस वर्षं ही चोरी सांभाळली, पोरी, आणि लाज तुझ्यापुढे जावी असं नशिबात होतं.

तेव्हा काळी आहे. माझ्याकडे आहे, गॅलरीभर पसरली आहे. हिवाळ्यात फांद्या ने आणि ओळींमध्ये लाव. त्या फुलायला वेळ लागेल, म्हणून पुढच्या वर्षी माझ्या वेलाला फुलोरा आला की तो न्यायला बादल्या घेऊन ये. बापाला सांगायचं तर सांग. हसला तर हसू दे.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
आत्या

११ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू अस्तराच्या मलमलीत गुंडाळून दिलेल्या काळीच्या फुललेल्या फांद्या बसमध्ये मांडीवर घेऊन आले. कंडक्टरने विचारलं, बाळ किती महिन्यांचं? बाकीच्या फांद्यांच्या बादल्या मधल्या वाटेत होत्या, त्यांना प्रत्येकाने ओलांडून दाखवलं.

फुलोऱ्याच्या फांद्या बाटल्यांत घालून ओळींमध्ये टांगल्या. बाकीचं काम तू दिलेल्या पावडरच्या पफने. काळीवर टेकवायचा, पांढरीवर झटकायचा. पहिल्या सकाळी पफ बाबांच्या हातात दिला, तो त्यांनी चार दिवस परत दिला नाही. तुझी गोष्ट ऐकून हसले नव्हते, पण पफ फिरवताना एकदम हसायला लागले आणि डोळे पुसले.

आत्या, मणी धरले आहेत. मी मोजायला गेले आणि रडू आलं म्हणून सोडून दिलं. शेडवाल्याला बाबांनी स्वतःच नकार कळवला.

ही माया अशीच राहू दे.
भिंगरी

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर ओळखशील की नाही, शंका आहे.

वाइन झाली. फार नाही, नव्वद बाटल्या. फिकट, हिरवट झाक असलेली. वास हिरव्या सफरचंदाचा, आणि घोट गिळल्यावर जिभेवर मीठ राहतं. वडिलांच्या वेळी तेच मीठ मला दोष वाटायचं. टाकीपाशी उभा राहून प्यालो आणि तुझी फार आठवण झाली. बाग उपटली ती माझी चूक होती. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आता माझी चोरी ऐक. होडीवाल्याच्या भिंतीवरचा वेल आपोआप आला असं भिंगरी सगळ्यांना सांगत फिरते. तो मी लावला. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. एवढं तावातावाने उपटल्यावर परत आपल्याच अंगणात लावायची लाज वाटली. कुणाला बोलू नकोस, आमच्या ताईला तर मुळीच नको, असं त्याला बजावलं होतं. भला माणूस, शब्दाला जागला. म्हणजे काळी तू सांभाळलीस, पांढरी मी. दोघांनी एकमेकांपासून लपवली आणि तिकडे पांढरी बिचारी वांझ राहिली.

भिंगरीने तुझ्यासाठी एक बाटली बांधून ठेवली होती. मी ती सोडून परत मांडणीवर ठेवली. ती इथे येऊनच प्यायची. रविवारपासून रोज दहाच्या बसला मी फाट्यावर असेन. तू कळवायचं कारण नाही, एरवीही मला पाय मोकळे करायचे असतात.

धाकट्यावर होता तो लोभ परत सुरू व्हावा.
तुझा भाऊ

ता. क. आत्या, बाबांचा गुडघा दुखतो आणि फाटा चढावर आहे. रविवारीच ये. — भिंगरी