खोडरबराची मूळ प्रत

४ जून
अखेर स्वतःचं बिऱ्हाड झालं. नोकरीबरोबर दोन खोल्या मिळाल्या. ही आल्या आल्या पडदे लावून मोकळी झाली. म्हणाली, आता सुनेच्या घड्याळाने जेवायला नको. भाच्याने शब्द टाकला म्हणून जमलं, नाहीतर सातवी शिकलेल्या म्हाताऱ्याला कोण विचारतो? पण असल्या अवाढव्य जुन्या मशीनवर माझा जन्म गेला, आणि ती हाताळणारे आता उरलेत कुठे!

६ जून
नगर कार्यालयाचे सगळे प्रोग्रॅम याच मशीनवर चालतात. माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, कपाटातल्या टेपांवर आहे. मशीन तो स्वतःच्या भाषेत करून घेतं. मग तो कोणाला वाचता येत नाही. कुठल्या प्रोग्रॅमचा सोर्स कुठला, याचा सगळा घोळ झालाय. मी सोर्स पुन्हा मशीनच्या भाषेत करवून घ्यायचा आणि चालू प्रोग्रॅमशी ताडून पाहायचा. अर्थ कळायची गरज नाही. तंतोतंत जुळलं की झालं, नाही जुळलं तर कार्यालयाच्या मोठ्या बाईंना सांगायचं. बाईंनी माझे पांढरे केस पाहून विचारलं, आजोबा, झेपेल ना? तेव्हापासून प्रत्येक टेप दोनदा तपासतोय. दारावरचा पहारेकरी मामा म्हणाला, घाबरू नका, मशीन तुमच्याहून म्हातारं आहे.

११ जून
सगळे जुळले, एक सोडून. तो रोज सकाळी शहराच्या यादीतून मेलेल्यांची नावं काढतो. इथले त्याला खोडरबर म्हणतात. सोर्स सापडला, पण चालू प्रोग्रॅममध्ये कोणीतरी हाताने थोडा भाग घुसवलाय, तो सोर्समध्ये नाही. बाईंना सांगावं, तर म्हणतील म्हाताऱ्याला जमत नाही. खोल्या जातील. ही म्हणाली, विचारा की, खातील का त्या? मी विचारलं नाही. सोर्सवरून नवा बनवला आणि चालूच्या जागी चढवला; जुना पुसला गेला. आता जुळतो.

१३ जून
मागची पानं वाचली. दारावरचा मामा कोण? चेहरा आठवत नाही. बाई म्हणाल्या, आपल्या दारावर पहारेकरी कधी नव्हताच. शहराची यादी उघडली. मधूनमधून ओळी कोऱ्या आहेत. परवापर्यंत नव्हत्या.

१४ जून
माझ्या आधी मशीन सांभाळणारे गृहस्थ मागच्याच गल्लीत राहतात. त्यांना गाठलं. ऐकता ऐकता ते पांढरेफटक पडले. खोडरबर मरणाची वाट पाहत नाही म्हणाले. नाव गेलं की माणूस जातं, आणि त्याची आठवणही.
"तो भाग मी घातला होता, त्याच्या तोंडाला मुसकं म्हणून. तुम्ही ते जुळवायच्या नादात सोडलंत?"
पुन्हा बांधायला उद्या येतो म्हणाले. तोवर कोणी गेलंच, तर दुसऱ्या सकाळच्या आत त्याचं पूर्ण नाव मशीनला द्यायचं, यादीत होतं तसंच. मग माणूस परत येतं.
हिला काही सांगितलं नाही. जेवलो नाही म्हणून रागावली.

१५ जून
कालचं पान वाचून त्या गल्लीत गेलो. घराला कुलूप. शेजारी म्हणतात, इथे कोणी राहतच नव्हतं. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं.
बाईंना सगळं सांगितलं, फक्त पाय धरायचे राहिले. घरी जाऊन झोप काढा म्हणाल्या. खोडरबर बंद करून पाहिलं. होत नाही. सगळी बटणं दाबली, काही—
तो यादीतून गल्लीगल्लीने पुढे सरकतोय.

१६ जून
घरात दोन उशा. दुसरी कोणाची?
पानं वाचली. ही. ही कोण?
यादीत माझ्या नावाखाली ओळ कोरी.

दुपार. मशीन नाव विचारतंय. सगळी पानं चाळली— ही आली, ही म्हणाली, ही रागावली. नाव एकदाही नाही. कधी घेतलंच नसणार. चारचौघांत ही, घरात अगं.
"अगं" असं घालून पाहिलं. अशी व्यक्ती नाही म्हणतं.

मुलाला फोन केला. तुझ्या आईचं नाव सांग, लवकर.
"बाबा, मला आई कुठे होती?"

सुचतील ती नावं घालतोय. आत्याचं, मावशीचं, शेजारणींचं— नाही. नाही.

१७ जून
उजाडलं. खोडरबराची टेप फिरायला लागली. अजून थोडा— अगं, ऐकतेस ना, निदान पहिलं अक्षर तरी—