माडीचं भाडं

१ एप्रिल २०२५, मंगळवार
आज जेसनला चुकीचा सल्ला दिला. जाणूनबुजून!
कंपनीने त्याला विचारलंय – यंदा कर जुन्या पद्धतीने कापायचा की नव्या? त्याने मला विचारलं. मी वालीवच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेबनीस, आता अर्ध्या वटार गावाचे रिटर्न भरतो. पोटचा पोरगा दुसऱ्या कुणाला विचारणार? म्हणालो, "जुनीच ठेव." तो म्हणाला, "बरं, पप्पा."
पगार बारा लाख. नव्या पद्धतीत कर शून्य. जुन्यात सगळ्या वजावटी धरूनही नव्वद हजार. मी कागदावर दोनदा मांडून पाहिलं होतं.

२ एप्रिल
कारण लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच आठवायचं नाही.
घर माझ्या नावावर. जेसन आणि सून प्रीतल माडीवर राहतात. सहा वर्षांपूर्वी मीच शोध लावला – बापाला भाडं दे, पगारातल्या घरभाडे भत्त्यावर सूट घे. कायद्यात बसतं. फक्त भाडं खरंच बापाच्या खात्यात यायला हवं, आणि बापाने ते आपल्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं. मी दाखवतो. तीस टक्के वजावटही मिळते.
तर दर एक तारखेला जेसन पंधरा हजार पाठवतो आणि पावती घ्यायला खाली येतो. ओट्यावर बसतो. चहा घेतो. बायको, एस्थर, गेल्यापासून बाकीचे एकोणतीस दिवस आम्हा बापलेकांत "गेट लावलं का?" याच्या पलीकडे बोलणं नाही.
नव्या पद्धतीत भाड्यावर सूट नाही. मग पावती कशाला? आणि पावती नको तर तो खाली कशाला येईल?

१ मे
आला. सुट्टी होती. त्रेचाळीस मिनिटं!

९ जुलै
गावातला मार्सेल रिटर्नसाठी आला. वालीवला त्याचं लेथ मशीन, घरामागे साठ केळी. म्हणतो, "अंकल, सगळं केळ्यांत दाखवा ना. सातबारा आहे आपल्याकडे. शेतीला टॅक्स कुठे असतो?"
मी म्हटलं, बाबा, केळीला जन्मात एकच घड येतो. तुझ्या आकड्याने दर झाडाला अकरा लागायला हवेत. अधिकारी काय केळी न खाता मोठा झाला? लेथचं उत्पन्न लेथमध्येच दाखव, बिलं जपून ठेव, घरचं आणि धंद्याचं खातं वेगळं कर.
जाताना म्हणाला, "तुम्ही फार सरळ माणूस, अंकल." मी विषय बदलला.

२१ ऑगस्ट
गावातली लुईझा केक विकते. गावच्या सणाची वर्गणीही तिच्याच क्यूआरवर – सव्वाचार लाख! करखात्याला वाटणार, बाईने एवढे केकच विकले. कमिटीच्या नावाने खातं उघडायला सांगितलं. म्हणाली, "खातं उघडायचं तर कमिटीत आधी भांडण होईल." मग भांडण आधी उरका, म्हटलं.

१ सप्टेंबर
भाडं बँकेतून आलं की पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लागत नाही. गावभर हे मीच सांगत फिरतो. जेसनच्या पावतीवर मात्र लावतो. ओला करायचा, चिकटवायचा, वाळू द्यायचा – पाच मिनिटं जास्त मिळतात.

१२ जानेवारी २०२६
कंपन्या हल्ली पुरावे मागतात. विचारलं, "पावत्या दिल्यास का रे?"
"दिल्या, पप्पा."
म्हणजे कर कापला जातोय. पण रिटर्न भरताना पगारदाराला पद्धत बदलता येते, कापलेला कर परत मिळतो. म्हणजे चोरी नाही, उसनवारी. असं मी स्वतःला समजावतो.

१ एप्रिल
पावती घेतली. यंदाची पद्धत त्याने विचारलीच नाही. मीही विषय काढला नाही.

१३ जून, शनिवार
चर्चमध्ये जाऊन कुमसार केला, पापाची कबुली दिली. मुलाला फसवलं म्हणून सांगितलं, का ते सांगितलं. फादर जाळीआडून म्हणाले, "बारा लाखांवर शून्य कसा येतो हो? माझा भाऊ भरतोय." कुमसारात बसून भावाचं गणित करून दिलं. प्रायश्चित्त – मुलाला खरं सांगायचं.
जेसनला सांगितलं, फॉर्म १६ पाठव. उद्या त्याच्यासमोरच रिटर्न भरेन आणि सांगून टाकेन. या वयात मुलाची भीती वाटते!

१४ जून, रविवार
चर्चमधल्या मिस्साहून आलो. जेसन खाली यायच्या आत फॉर्म उघडला.
कापलेला कर: शून्य. पद्धत: नवी. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून.
वर्षभराची एकही पावती त्याला कुठे द्यायची नव्हती.
जिन्यावर पाऊल वाजलं. चहा ठेवतो.