डावीकडे न जाणारा माणूस

देवळाली कॅम्प,
दसऱ्यानंतरचा सोमवार

ती. ज्ञानेशमामांना,

निकिताचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, मामींची शुगर आणि कांदाचाळीतला कांदा, तिघांच्याही तब्येती ठीक असतील अशी आशा आहे. (कांद्याची आधी विचारायला हवी होती, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं.) फोन तुम्ही उचलत नाही आणि मेसेज केला की नुसता अंगठा पाठवता. पत्राला अंगठा पाठवण्याची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे सगळे मजेत. म्हणजे पप्पा तुमचं नाव काढत नाहीत, आई भाऊबीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते, आणि मी दोघांच्या मधे बसून पदवीचा उपयोग काय याचा विचार करते. देवळ्याला तुमच्या वास्तुशांतीच्या पंगतीत तुम्ही पप्पांच्या स्पेक्ट्रमला 'खोडरबर' म्हणालात आणि पप्पा वाढलेल्या ताटावरून उठले, त्याला या दिवाळीत तीन वर्षं होतील. दोन कर्त्या पुरुषांनी शेताच्या बांधावरून अबोला धरला असता तर मी समजू शकले असते. बांध निदान दिसतो तरी. तुम्ही तो धरलात आठ बिटांच्या दोन कॉम्प्युटरांवरून. एक पप्पांचा स्पेक्ट्रम, रबरी कळांचा, बदली झालेल्या मेजरसाहेबांनी मागे ठेवलेला. दुसरा तुमचा कमोडोर, मित्राने कुवेतहून आणलेला, तपकिरी, पावाच्या लादीएवढा. दोघांची स्मरणशक्ती एकत्र केली तरी माझ्या फोनमधला एक फोटो मावत नाही. (तुमच्या दोघांची स्मरणशक्ती मात्र दांडगी. एक शब्द तीन वर्षं टिकला.)

घरातली पहिली पदवीधर म्हणून माझ्याकडून अपेक्षा माफकच आहेत: सगळ्यांचे फॉर्म भरणे, बंद पडलेला रिमोट हलवून बघणे आणि समाज सुधारणे. पहिली दोन कामं उरकल्यावर मी तिसरं हाती घेतलं. पप्पांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात 'आठ बिटांची शाळा' काढली. बाजारातली मुलं फोनवर एक खेळ पुसतात नि दुसरा उतरवतात. त्यांना कळावं की एकेकाळी एका खेळासाठी कॅसेट लावून हात जोडून बसावं लागे, आणि तो ऐन शेवटी अडकला तर कॅसेट मागे फिरवून पुन्हा हात जोडावे लागत. मुलं यातून संयम शिकतील असं मला वाटलं. (हसू नका. तेव्हा खरंच वाटलं होतं.) पोट सुटलेला जुना टीव्ही लागतो, पण दुरुस्तीला टाकून लोक विसरलेले तसले टीव्ही दुकानात ढीगभर आहेत.

मुहूर्त दसऱ्याचा. सकाळी आईने हत्यारांची पूजा मांडली. पक्कड, टेस्टर, सोल्डरिंग गन, आणि पाटावर मधोमध स्पेक्ट्रम. मी झेंडू घेऊन येईपर्यंत तिने हळदकुंकू वाहून पळीभर पाणीही सोडलं होतं. बाकी हत्यारांवर नुसतं शिंपडलं होतं. याच्यावर मात्र मनापासून. पप्पांचा चेहरा उतरला, पण देवाच्या कामात बोलायचं कसं? त्यांनी मुकाट्याने यंत्र पंख्यासमोर वाळत घातलं.

संध्याकाळी मुलं जमली आणि कॅसेटने किंचाळायला सुरुवात केली. शेजारच्या भागुबाई पिठाच्या हातांनी पप्पांकडे धावत आल्या.

"देवराम, मिक्सर जळाला का काय रं?"

"नाय मावशी, खेळ चढतोय."

"मग उतरव ना त्याला!"

शेवटी चढला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावरचा माणूस उजवीकडे निघाला, आणि उजवीकडेच निघाला. डावीकडे नेणाऱ्या कळेखाली कुंकवाचा चिखल झाला होता. बिचारा दर वेळी सरळ खड्ड्यात. पप्पांनी मुलांना समजावलं की त्या काळची माणसं मागे वळून बघत नसत. (हे कोण सांगतंय, तर पंगतीतला एक शब्द अजून उराशी धरून बसलेला माणूस.)

तोवर सुभेदारांच्या वेदिकाने तोच खेळ फोनवर उतरवून खड्डा पारही केला होता. "काका, यातला डावीकडे जातो," ती म्हणाली. पप्पा म्हणाले, "त्याला तापल्याचा वास येतो का? नाय ना? मग!" या मुद्द्याला माझ्या अभ्यासक्रमात उत्तर नाही.

पण पोरगी चिवट. तुम्ही कोणासोबत खेळायचात, असं तिने विचारलं. पप्पांनी पंखा स्पेक्ट्रमकडे नीट वळवला. "होता एक कमोडोरवाला," म्हणाले. "त्याच्या पेटीला आवाज लय भारी. म्युझिक लागलं की आपण खेळायचंच विसरायचो." मग मी ऐकतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "रंग मात्र चिखलासारखे," त्यांनी घाईने जोडलं.

आता तांत्रिक बाब. त्या कळेखालचा पातळ प्लॅस्टिकचा पडदा बिघडलाय; तो मागवला तर येईल कधीतरी. पण जॉयस्टिक लावली की कळांची गरजच नाही, आणि ती लावायची जोडणीची डबी पप्पांकडे पहिल्यापासून आहे. जॉयस्टिक मात्र त्यांनी घेतली नाही, कारण 'दांडी धरून खेळतात ती लेचीपेची माणसं' असं त्यांनीच तुम्हाला सुनावलं होतं. त्या जोडणीत तुमच्या कमोडोरची जॉयस्टिक बरोब्बर बसते. मी खात्री करून घेतली आहे. पप्पांनाही ते ठाऊक असणार, कारण रोज ते मला "जॉयस्टिक कुठे मिळते का बघ" म्हणतात आणि मी "देवळ्याला मिळते" म्हटलं की "राहू दे" म्हणतात.

तेव्हा शाळेच्या, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी ती द्यावी, ही विनंती. मामींना नमस्कार.

दोन्ही बाजूंना सारखीच वैतागलेली,
तुमची भाची
निकिता

ता. क. जॉयस्टिक कुरियरने पाठवू नका. वस्तू नाजूक आहे. भाऊबीजेला स्वतः घेऊन या. कमोडोरही आणलात तर मुलांना आवाज ऐकायला मिळेल. पप्पांनाही.

आणखी एक ता. क. पप्पांनी पत्र वाचलं. आवाजाबद्दलचं वाक्य खोड म्हणाले. पत्र पेनाने लिहिलंय हे त्यांना दिसत होतं, तरी खोडरबर शोधायला आत गेले. अजून परत आलेले नाहीत.

शेवटचा ता. क. एवढ्या कळा असताना पाणी नेमकं त्याच कळेवर कसं पडलं, असं मी आईला विचारलं. म्हणाली, "हे दोघं खेळायचे तेव्हा चहा घेऊन मी मागे उभी असायचे, ती काय डोळे मिटून?" ओवाळणीचं ताट तिने घासून ठेवलंय. तुम्हाला निरोप आहे: चंद्राला ओवाळून कंटाळा आला. तो येतो वेळेवर, पण जेवायला थांबत नाही.